देहाचा दासोह
(कर्करोगाच्या रुग्णाने उपचारांच्या चाचणीत भाग घ्यावा काय?)

मठात पंगत बसली, की आपण म्हणतो, दासोह चालला आहे. यात्रेत भाकरी-आमटीचे वाढप सुरू झाले, की तोही दासोह. हे योग्यच आहे. पण एखादा शब्द फार सवयीचा झाला, की त्याची धार जाते. म्हणून आज हा शब्द आपण अशा जागी नेऊन पाहू, जिथे त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. ती जागा म्हणजे कर्करोग रुग्णालयातील डॉक्टरांची खोली.

गाठीचा तुकडा तपासून झालेला असतो. रुग्ण आणि त्याचा मुलगा समोर बसलेले असतात. डॉक्टर म्हणतात, "आमच्याकडे एक ट्रायल चालू आहे. तुम्हाला त्यात भाग घेता येईल. घेतलाच पाहिजे असे नाही." आणि कित्येक पानांचे संमतीपत्र पुढे ठेवतात. घरी आल्यावर त्या कागदाभोवती माणसे जमतात. एक जण उसळून म्हणतो, "आमचं माणूस काय उंदीर आहे, त्याच्यावर प्रयोग करायला?" दुसरा व्यवहारी असतो. तो म्हणतो, "औषध फुकट मिळतंय ना? मग सही करून टाका." तिसरा हळवा असतो. तो म्हणतो, "एवीतेवी जायचंच आहे, निदान जगाच्या उपयोगी पडू दे." या तिघांच्या बोलण्यात रुग्णाला मात्र कोणी काही विचारलेले नसते.

प्रश्न असा आहे. हा देह आपण इष्टलिंगाचे अधिष्ठान मानतो. देहाला तुच्छ लेखून त्याला कष्टवणे शरणांना मान्य नव्हते. मग असा देह अनिश्चित उपचाराच्या चाचणीला द्यावा काय? दिला तर तो दासोह ठरेल, की देहाची हेळसांड? याचे उत्तर देण्यापूर्वी ट्रायल म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. ज्याची माहिती नाही त्याला नावे ठेवणे सोपे असते आणि त्याची आरती ओवाळणेही तितकेच सोपे असते.

नवे औषध प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासून झाले, की ते माणसाकडे येते. पहिल्या टप्प्यात थोड्याच रुग्णांना ते देऊन किती मात्रेपर्यंत सोसते, काय अपाय होतो, हे पाहतात. दुसऱ्या टप्प्यात त्याने रोग आटोक्यात येतो का, हे पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो, कधी हजारो रुग्णांचे गट पाडून एका गटाला आजवरचा मान्य उपचार व दुसऱ्याला नवा उपचार देतात आणि पुढे कित्येक वर्षे दोन्ही गटांचा हिशोब ठेवतात. कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टर ठरवीत नाही, रुग्णही ठरवीत नाही. ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते. आता हे काम संगणक करतो, पण तत्त्व चिठ्ठीचेच.

अनेकांना ही चिठ्ठीच खटकते. "माझ्या जिवाचा निकाल चिठ्ठीवर?" असे ते म्हणतात. पण जरा विचार करा. निवड डॉक्टरवर सोपवली, तर नकळत तो धडधाकट रुग्णांना नवा उपचार देईल आणि खंगलेल्यांना जुना. मग नवा गट अधिक जगला, तर ते औषधामुळे की मुळातल्या ताकदीमुळे, हे कोण सांगणार? चिठ्ठी डॉक्टरच्या आवडीनिवडीला बाजूला सारते, एवढेच तिचे काम. दुसरी भीती साखरेच्या गोळीची. कर्करोगावर ज्या ठिकाणी गुणकारी उपचार ठाऊक आहे, तिथे तो काढून घेऊन रुग्णाला नुसत्या साखरेच्या गोळीवर ठेवणे नीतीला धरून नाही. अशी गोळी दिली जाते, तेव्हा बहुधा नेहमीच्या उपचाराच्या जोडीला दिली जाते आणि तसे संमतीपत्रात लिहिलेले असावे लागते.

या सर्वांच्या मुळाशी एक अट आहे. ती मोडली तर पुढचे सारे व्यर्थ. दोन उपचारांपैकी कोणता सरस, हे डॉक्टरला खरोखर ठाऊक नसले पाहिजे. ठाऊक असूनही तो चिठ्ठी टाकीत असेल, तर ते पाप आहे. ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव आणीत असेल, तर तेही पापच आहे. पण त्याला आपण पाप म्हणत नाही, त्याला "डॉक्टरांचा हातगुण" म्हणतो.

असा आव किती महाग पडतो, ते पाहा. अमेरिकेत विल्यम हॅल्स्टेड या शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाच्या कर्करोगावर एक शस्त्रक्रिया रूढ केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सर्व काढून टाकावयाचे. जितके अधिक कापावे तितका रोग मुळापासून जाईल, ही समजूत. पुढे पाऊणशे वर्षे असंख्य स्त्रियांनी ती सोसली. छाती खपाटीला जाई, हात सुजे. तरी फारसे कोणी प्रश्न विचारले नाहीत, कारण बहुतेक शल्यविशारदांची खात्री होती. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये ही खात्री चाचणीला लावली. दुसऱ्या चाचणीत १,८०० हून अधिक स्त्रियांनी चिठ्ठीने येईल ते पत्करले : संपूर्ण स्तन काढणे, नुसती गाठ काढणे, किंवा गाठ काढून किरणांचा शेक घेणे. १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगण्याच्या बाबतीत तिन्ही गटांत फरक नव्हता. शेक दिल्याने त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण मात्र बरेच घटले. आज रोग लवकर उमगला तर डॉक्टर "स्तन वाचवता येईल" असे सांगतात, त्यामागे त्या अनोळखी स्त्रिया उभ्या आहेत.

इतके दूरही जावयास नको. आपला सीमाभाग म्हणजे निपाणीच्या तंबाखूचा मुलूख. मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा यांनी तोंडाचा कर्करोग आपल्या घराघरांत आणला आहे. तोंडातील गाठ लहान असताना आणि मानेत काही लागत नसताना मानेतील ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात, की पुढे रोग दिसला तर काढाव्यात, यावर जगभरच्या शल्यविशारदांत कित्येक दशके वाद होता. दोन्ही बाजूंना नामवंत माणसे होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून यावर चाचणी घेतली. ५९६ रुग्ण तीत सामील झाले. त्यांपैकी ५०० रुग्णांचा हिशोब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या होत्या, त्यांच्यातील शंभरापैकी ८० जण तीन वर्षांनी हयात होते. ज्यांना थांबून पाहा म्हटले होते, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ६७ ते ६८ होते. वाद मिटला. आज तोंडाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणाऱ्या माणसाला या उत्तराचा लाभ मिळतो.

याच रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांत झालेल्या आणखी एका चाचणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे बधिर करण्याचे साधे इंजेक्शन द्यावयाचे. सुमारे १,६०० स्त्रियांनी भाग घेतला. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन मिळालेल्यांत शंभरात सुमारे ९०, तर न मिळालेल्यांत सुमारे ८६ होते. हे औषध जुने आहे, अत्यंत स्वस्त आहे, दातांच्या दवाखान्यातही असते. त्यातून कोणत्याही कंपनीला धन मिळणार नाही. तरी शंभरामागे तीन-चार जीव वाचले, ही काय लहान गोष्ट झाली?

आता प्रसाद या शब्दाचा अर्थ आठवा. अष्टावरणांत प्रसादाला स्थान आहे, ते केवळ चवीसाठी नव्हे. जे मी सेवन करतो ते आधी अर्पण झालेले आहे, ते माझ्या एकट्याच्या कमाईचे नाही, ही जाणीव म्हणजे प्रसाद. कर्करोगाची गोळी तोंडात टाकणारा मनुष्य हा विचार करतो काय? त्याच्या आधी ती गोळी कोणी तरी घेतली, तेव्हा ती तारील की मारील हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या माणसाचे नाव पाकिटावर नसते. तो बरा झाला की गेला, हेही आपल्याला कळत नाही. आपण पैसे मोजून औषध विकत घेतले असे म्हणतो, पण किंमत मोजली ती औषधाची. त्यामागच्या ज्ञानाची किंमत अनोळखी माणसांनी देहाने आधीच मोजून ठेवलेली असते.

मग "आमचं माणूस उंदीर आहे काय?" या प्रश्नाचे काय? प्रश्न रागाचा आहे, पण खोटा नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका रुग्णालयात आजारी वृद्धांना कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचण्यात आल्या, आणि त्या कर्करोगाच्या आहेत, हे त्यांना सांगितले गेले नाही. आपल्या देशात १९९९-२००० च्या सुमारास तिरुवनंतपुरमच्या कर्करोग केंद्रात तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर एका नव्या रसायनाची चाचणी झाली. ती रीतसर मंजुरी व पुरेशी समज न देता झाल्याचे २००१ मध्ये उघडकीस आले आणि चौकशा झाल्या. कर्करोगाव्यतिरिक्त इतर औषधांच्या चाचण्यांतही गैरप्रकार झाले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती त्यामुळेच. त्या सुनावणीच्या काळात २०१३ पासून नियम कडक होत गेले आणि २०१९ मध्ये औषध-चाचण्यांची नवी नियमावली आली.

या घटनांत रुग्णांचा देह ज्ञानासाठी वापरला गेला, हे खरे. पण त्याला कोणी दासोह म्हणेल काय? कोणाच्या कोठारातून धान्य चोरून नेले आणि त्याची पंगत घातली, तर धान्याच्या मालकाला दासोहाचे पुण्य लागत नाही. चोरी ती चोरीच, मग पंगतीत कोणीही जेवो. म्हणून देहाच्या दासोहाला पहिली अट ही, की तो रुग्णाने स्वतः द्यावयाचा असतो. काढून घेतला तर ती लूट.

शरणपरंपरेत त्रिविध दासोह सांगितला आहे : तनु गुरूला, मन लिंगाला, धन जंगमाला. यातील पहिल्या अंगाचा आपण फारसा विचार करीत नाही. तनु गुरूला म्हणजे गुरूचे पाय चेपणे, मठात झाडलोट करणे, एवढाच अर्थ आपण घेतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. शरणांनी गुरू केवळ व्यक्तीत पाहिला नाही. तो अरिवूत, म्हणजे जागृत जाणिवेत पाहिला. मग तनु गुरूला वाहणे म्हणजे देह ज्ञानाच्या सेवेला लावणे, असाही अर्थ निघतो. या अर्थाने, जो रुग्ण समजून उमजून म्हणतो, "माझ्या देहातून तुम्हाला काही कळत असेल, तर कळू द्या," तो त्रिविध दासोहाचे पहिलेच अंग आचरीत आहे. मात्र इथे सावध राहिले पाहिजे. गुरू अरिवू आहे. डॉक्टर गुरू नव्हे, रुग्णालय गुरू नव्हे, औषधाची कंपनी तर नव्हेच. डॉक्टरांवरील भक्तीने दिलेला होकार हा अरिवूला दिलेला नसतो.

आणि इथेच आपण आपल्या घरात डोकावून पाहिले पाहिजे.

आपल्या घरांत कर्करोग झाला, की पहिला ठराव होतो तो असा : "आईला सांगायचं नाही." पोरे-सुना, जावई, शेजारी, किराणा दुकानदार, सर्वांना ठाऊक असते. आईला सांगितलेले असते की आतड्याला सूज आहे, इंजेक्शने घेतली की उतरेल. हेतू वाईट नसतो. ती खचेल, जेवण सोडेल, अशी भीती असते. पण आता त्या संमतीपत्राची आठवण करा. पहिल्याच पानावर रोगाचे नाव आहे. ज्या स्त्रीला आपला रोगच ठाऊक नाही, ती कशाला संमती देणार? मग मुलगा म्हणतो, "डॉक्टर, मी सही करतो, आईचं सगळं मीच बघतो."

वाचकहो, हे मातृप्रेम असेल, पण हा आईचा होकार नव्हे. नियमही हेच सांगतो. जो रुग्ण शुद्धीवर आहे आणि समजू शकतो, त्याच्या ऐवजी मुलाला सही करता येत नाही. लिहिता-वाचता येत नसेल, तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर सर्व मजकूर वाचून दाखवून अंगठा घ्यावा लागतो. काही चाचण्यांत दुर्बळ परिस्थितीतील रुग्णांना समजावून सांगतानाचे चित्रण व ध्वनिमुद्रणही करावे लागते. पण नियम बाजूला ठेवा. ज्या परंपरेत स्त्रीला दीक्षेचा अधिकार मिळाला आणि अनुभवमंटपात अक्कमहादेवी अल्लमप्रभूंच्या प्रश्नांना उभ्या राहून उत्तरे देत होत्या, त्या परंपरेतल्या घरात आईला तिच्याच देहाची बातमी मिळू नये? दुसऱ्याचे इष्टलिंग आपण पूजीत नाही. ज्याचे त्याने पूजावयाचे असते, मध्ये पुजारी नसतो. तसेच दुसऱ्याच्या देहाचा दासोह आपण करू शकत नाही, मग ती आपली जन्मदाती का असेना.

सांगावे कसे, हा प्रश्न मोठा आहे हे मान्य. एकदम सांगू नये. डॉक्टरांसमोर बसवून, तिच्या भाषेत, ती विचारील तितके सांगावे, आणि ती विचारीत जाईल तसे पुढे सांगत जावे. पुष्कळदा असे दिसते, की तिला अर्धे आधीच उमगलेले असते. मुलांना बरे वाटावे म्हणून तीच न कळल्याचे सोंग करीत असते. दोन्ही बाजूंनी एकमेकांपासून लपवलेले हे दुःख, रोगाइतकेच माणसाला एकटे पाडते. ट्रायलचा कागद घरात आल्यामुळे निदान हे खोटे बोलणे थांबले, तरी होकार असो वा नकार, त्या कागदाने एक काम केले असे म्हणावे लागेल.

दुसरी अट आशेची. ट्रायलमध्ये जाणाऱ्या पुष्कळ रुग्णांना वाटते, की हे नवे औषध खास माझ्यासाठी आणले आहे. विशेषतः पहिल्या टप्प्यातील चाचणीत हा गैरसमज फार होतो. तिथे उद्देश मात्रा ठरविणे हा असतो. त्या रुग्णाला गुण येण्याची शक्यता थोडी असते आणि अपायाची शक्यता खरीखुरी असते. हे डॉक्टरांनी उघड सांगितले पाहिजे आणि रुग्णाने ऐकून घेतले पाहिजे. आशा धरू नये, असे कोण म्हणेल? आशा माणसाचा श्वास आहे. पण आशेचा सौदा करून दिलेले ते दान-दक्षिणेच्या मार्गाने जाते. "मी देह दिला, आता मला बरे कर" हा व्यवहार झाला. दासोहात देणारा दास असतो. त्याने दिले म्हणून देवाने त्याचे काही देणे लागत नाही. म्हणूनच ज्याच्या चिठ्ठीत जुना उपचार आला, त्याचा दासोह नव्या उपचारवाल्याहून तसूभरही कमी नाही. टाटा रुग्णालयातील त्या चाचणीत "थांबून पाहा" ही चिठ्ठी ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्याकडे पाहा. त्यांच्यातील काही जण कदाचित दुसऱ्या चिठ्ठीने वाचले असते. हे कठोर सत्य आहे, ते गोड करून सांगू नये. पण चिठ्ठी टाकली त्या दिवशी हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते आज ठाऊक आहे, ते त्यांच्यामुळेच.

उलट, चिठ्ठी टाळली म्हणजे धोका टळतो असेही नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात स्तनाच्या कर्करोगावर केमोची प्रचंड मात्रा देऊन मग अस्थिमज्जेचे रोपण करण्याची लाट आली. हजारो स्त्रियांनी ट्रायलमध्ये न जाता हा उपचार बाहेर परस्पर घेतला, कारण "अधिक म्हणजे चांगले" ही सर्वांची खात्री होती. त्यामुळे चाचण्यांना रुग्ण मिळेनात आणि उत्तर लांबत गेले. अखेर १९९९ मध्ये बहुतेक चाचण्यांनी सांगितले, की नेहमीच्या उपचाराहून यात काही लाभ नाही. दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक अनुकूल निष्कर्ष तर २००० साली बनावट ठरला. त्या स्त्रियांवरही प्रयोगच झाला. फक्त चाचणीसारखी तुलनेची नोंद त्याची ठेवली गेली नाही, म्हणून त्यांच्या यातनांतून फारसे काही शिकता आले नाही.

तिसरी अट घेणाऱ्याची. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणण्याचे त्यांचे कायक. एके दिवशी मारय्यांनी गरजेहून अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत ठेवून यावयास सांगितले. ट्रायल घेणाऱ्यांनी ही कथा भिंतीवर लावावी. संमतीपत्रात जेवढे रक्त घेण्याचे लिहिले आहे तेवढेच घ्यावे. गाठीचा तुकडा ज्या तपासासाठी मागितला त्याच तपासासाठी वापरावा. अधिक हवे असेल तर पुन्हा विचारावे. आणि निष्कर्ष प्रतिकूल निघाला म्हणून तो दडपू नये. दडपलेला निष्कर्ष म्हणजे दासोहाचे अन्न उकिरड्यावर टाकणे होय.

आता त्या दुसऱ्या माणसाकडे वळू, जो म्हणाला "औषध फुकट मिळतंय." त्याला आपण हसू नये. कर्करोगाने शेत विकावयास लावले, सोने गहाण ठेवावयास लावले, अशी घरे आपल्या गावोगावी आहेत. ट्रायलमधील औषध व बऱ्याच तपासण्या रुग्णाला मोफत मिळतात, हे मोठे आकर्षण आहे. पण दुसरा मार्गच नसल्याने दिलेला होकार मोकळा म्हणावा काय? अर्धा मोकळा म्हणावा लागेल. इथे दोष त्या गरीब रुग्णाचा नाही, इथे समाजाची परीक्षा आहे. जिथे नेहमीच्या उपचाराचा खर्च गावाने, संस्थेने, सरकारी योजनेने उचललेला असतो, तिथेच रुग्णाला "हो" आणि "नाही" हे दोन्ही शब्द खरे उच्चारता येतात. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावचे कर्करोगी व त्यांचे सोबती अल्प खर्चात राहतात. बेळगावहून वा बिदरहून महिन्यातून दोनदा मुंबईला जावे लागणाऱ्या रुग्णाबरोबर जाणे, त्याच्या जनावरांना चारा घालणे, त्याचा डबा करणे, हे धनाचे व तनूचे दासोह आपणा निरोग्यांच्या वाट्याचे आहेत. ते आपण केले नाहीत, तर रुग्णाच्या दासोहाविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही.

ज्याच्यापुढे असा कागद येईल, त्याने सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. विचारण्यात अनादर नाही.

हा कितवा टप्पा आहे? मी नाही म्हटले, तर माझ्यावर कोणता उपचार कराल? चिठ्ठीने काय काय वाट्याला येऊ शकते? नेहमीच्यापेक्षा किती फेऱ्या, किती रक्त, किती सुया अधिक? कशाचा खर्च तुमचा, कशाचा माझा? अपाय झाला तर उपचार व भरपाई कोण देणार? (२०१९ च्या नियमावलीत चाचणीमुळे झालेल्या अपायावर मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे.) नीतिविषयक समितीची मंजुरी आहे काय, आणि तक्रार असल्यास त्या समितीशी कसा संपर्क साधावा? चाचणी राष्ट्रीय नोंदवहीत नोंदलेली आहे काय? (ही नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून अशी नोंद आवश्यक आहे.) निष्कर्ष निघाल्यावर मला कळवाल काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, मधेच सोडावेसे वाटले तर? याचे उत्तर ठरलेले आहे : केव्हाही सोडता येते, कारण देण्याची सक्ती नसते आणि त्यामुळे पुढच्या उपचारात उणेपणा येता कामा नये. जो डॉक्टर या प्रश्नांनी चिडतो, त्याच्या ट्रायलमध्ये जाऊ नये. कागद घरी नेऊन, चार दिवस ठेवून, आपल्या नेहमीच्या वैद्यालाही दाखवून मगच उत्तर द्यावे.

शेवटी नकाराविषयी. दासोहाची इतकी महती गायल्यावर एखाद्या भक्ताला वाटेल, की नकार देणे हे स्वार्थाचे. तसे मुळीच नाही. फेऱ्यांचा त्रास सोसत नाही, उरलेले दिवस नातवंडांत घालवावेत, शिवपूजेला स्वस्थता हवी, अथवा नुसते मन घेत नाही, यांतील कोणतेही कारण पुरेसे आहे, आणि कारण न सांगणे हेही पुरेसे आहे. जिथे नकाराला मान नाही, तिथे होकाराला मोल नाही. देह हा दासोहाचा विषय होऊ शकतो, याचे कारणच हे की तो कोणाच्या हक्काचा विषय नाही. मुलाच्या हक्काचा नाही, डॉक्टरच्या नाही, विज्ञानाच्या नाही आणि समाजाच्याही नाही.

म्हणून, शरणबंधु-भगिनींनो, आपल्या घरी असा कागद आला, तर तो आधी ज्याच्या देहाविषयी आहे त्याच्या हातात द्या. चष्मा शोधून द्या, वाचता येत नसेल तर शेजारी बसून सावकाश वाचून दाखवा. मग गप्प राहा आणि त्याला बोलू द्या. तो "हो" म्हणाला तर त्याच्याबरोबर गाडीत बसा. "नाही" म्हणाला तरी त्याच्याबरोबर बसा. आणि आपल्या स्वतःच्या हातात जेव्हा एखादी गोळी येईल, मग ती कर्करोगाची असो वा साध्या तापाची, ती तोंडात टाकण्यापूर्वी क्षणभर थांबून ज्यांनी ती आपल्याआधी घेतली त्यांना मनोमन शरणार्थ म्हणा. त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत.

शरणु शरणार्थी.